लंगडणं थांबलं, तरी थांबा

घोड्याच्या पुढच्या पायाची मागची कंडरा फाटली की मालकाला दोनच गोष्टी ऐकायच्या असतात: घोडा पुन्हा धावेल आणि लवकर धावेल. लेसरचं यंत्र घेऊन येणारा माणूस बहुधा हेच सांगतो. पुण्याजवळ आमची छोटी पागा आहे. शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे आम्ही रपेटीसाठी तयार करतो. आमच्या रेवा या घोडीच्या पायानं जे दाखवलं, ते असा पाय समोर आलेल्या प्रत्येकाला कळायला हवं.

गुडघ्याखाली घोड्याच्या पायात मांस असं नसतंच. हाड, कंडरा, अस्थिबंध आणि वर कातडी. भरधाव पळताना ही कंडरा स्प्रिंगसारखी ताणली जाते, तुटण्याच्या मर्यादेला जवळजवळ टेकते आणि तिच्या गाभ्याचं तापमान 45 अंशांपर्यंत जातं. रक्तपुरवठा मात्र तोकडा. म्हणून फाटलेली जागा आधी कच्च्या, वेड्यावाकड्या तंतूंनी भरते. ते तंतू ओढीच्या दिशेनं लागून पक्के व्हायला 9 ते 12 महिने सहज जातात. तरीही कंडरा पूर्वीइतकी लवचिक होत नाही.

रेवाचा पाय गरम लागला त्याच दिवशी आमच्या पशुवैद्यांनी थंड शेक, पट्टी आणि ठाणबंद विश्रांती सुरू केली. सोनोग्राफी केली आणि आठवड्यानं पुन्हा केली, कारण पहिल्या काही दिवसांत फाट वाढू शकते. मग लेसर सुरू झाला. थोड्याच बैठकांत सूज ओसरली, घोडी दुडकीला सरळ चालू लागली. यंत्रवाला म्हणाला, "आता सोडा मैदानात." डॉक्टरांनी त्याआधी पुन्हा सोनोग्राफी केली. निरोगी कंडरेत उजळ, समांतर रेघा दिसतात. रेवाच्या कंडरेच्या मध्यभागी अजून काळा डाग होता. दुखणं गेलं होतं, भोक तसंच होतं.

शेजारच्या पागेतल्या घोड्याला हीच दुखापत झाली होती आणि याच यंत्राचे उपचार चालू होते. लंगडणं थांबताच त्याला दौडीला काढलं. कंडरा पुन्हा फाटली, आधीपेक्षा लांब. तो आता फक्त चरतो. त्याच्या मालकाला मी दोष देणार नाही. जनावर सरळ चालताना डोळ्यांनी दिसत असताना पडद्यावरच्या काळ्या ठिपक्यावर विश्वास ठेवणं फार अवघड असतं.

लेसर निरुपयोगी आहे, असं माझं म्हणणं नाही. लाल आणि अवरक्त प्रकाश पेशींच्या मायटोकाँड्रियामध्ये शोषला जातो, त्यातून दुखणं-सूज कमी व्हायला मदत होते, असं मानलं जातं. पण पुरावा पातळ आहे. 2018 साली 150 घोड्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात तुलनेला लेसर न दिलेले घोडे नव्हते. मग बरं लेसरनं वाटलं की विश्रांतीनं, हे कसं ठरवायचं? पूर्वी पायाला डाग द्यायचे, तेव्हाही हाच प्रश्न होता. 1983 मध्ये ब्रिस्टलच्या संशोधकांनी तपासून पाहिलं, तर डागण्यानं कंडरा भरायला काही मदत होत नव्हती. माझ्या मते घोड्यांना जो गुण यायचा, तो डागानंतरच्या सक्तीच्या विश्रांतीचा.

तेव्हा लेसर द्यायचा असेल, तर तो आपल्या पशुवैद्यांच्या देखरेखीखालीच द्या आणि यंत्रवाल्याला आधी विचारा: यंत्र कुठल्या वर्गातलं? 3बी वर्गाची मर्यादा अर्धा वॅट; त्यापुढचं सगळं चौथ्या वर्गात येतं आणि ते कातडी भाजू शकतं. दर चौरस सेंटिमीटरला किती ज्यूल देणार, हेही विचारा. "दहा मिनिटं मारतो" ही मात्रा नव्हे. केस कापून घ्या, चिखल आणि लावलेलं मलम धुऊन काढा. काळी कातडी प्रकाश जास्त शोषते. रेवाच्या काळ्या नळीवर यंत्रवाल्यानं टोक एकाच जागी धरून ठेवलं आणि तिथं फोड आला. चौथ्या वर्गाच्या यंत्राचं टोक सतत फिरतं हवं. घोड्यानं पाय झटकला की तिथंच थांबवायचं.

व्यायाम हातात धरून चालवण्यापासून, सपाट आणि घट्ट जमिनीवर. चालीवरून दुडकी, दुडकीवरून दौड: प्रत्येक पायरी चढण्याआधी सोनोग्राफी. लेसरच्या दोन बैठका कमी झाल्या तरी चालतील, पण हा खर्च वाचवू नका.

आणि चष्मे. अवरक्त किरण दिसत नाहीत, त्यामुळे डोळा मिटत नाही आणि पडदा जळू शकतो. साधा काळा चष्मा चालत नाही, त्या यंत्राच्या तरंगलांबीचाच लागतो. यंत्रवाल्याकडे बहुतेक वेळा एकच असतो, स्वतःपुरता. लगाम धरून पायाशी वाकलेल्या सईसाला तो मिळाल्याशिवाय यंत्र चालू करू देऊ नका.