शोक हेही एक काम
कोणी रडू लागला की आपण लगेच म्हणतो, ‘पूस डोळे!’ हे कितपत योग्य?

२८ नोव्हेंबर १९४२ च्या रात्री अमेरिकेतील बोस्टन शहरात ‘कोकोनट ग्रोव्ह’ या नाइट क्लबला आग लागून ४९२ माणसे दगावली. वाचलेल्यांपैकी व मृतांच्या आप्तांपैकी अनेकांना मानसोपचारतज्ज्ञ एरिक लिंडेमान यांनी तपासले. घसा आवळणे, श्वास कोंडणे, पोटात पोकळी वाटणे ही लक्षणे लाटांसारखी येत. एकेक लाट २० मिनिटांपासून तासभर टिके. म्हणजे दुःख नुसते मनात नसते! ही लाट येऊ नये म्हणून काही जण मृताचे नावही काढू देत नसत. त्यांचा शोक लांबे, कधी विकृत रूप घेई. उलट आठवणी काढीत, त्या माणसावाचूनच्या जगाशी हळूहळू जुळवून घेणारे सावरत. १९४४ च्या निबंधात लिंडेमान यांनी यास ‘शोककार्य’ म्हटले.

पुढील संशोधनाने एक दुरुस्ती सुचविली. पुष्कळ माणसे फारसे न रडताही सावरतात. तेव्हा कोणाला बळेच रडवू नये.

घरात मृत्यू झालेला वर्गमित्र शाळेत परतला, तर गेलेल्या माणसाचा विषय टाळू नका. त्याला बोलायचे असेल तर ऐका. मात्र महिनोन्‌महिने त्याचे जेवण, झोप, अभ्यास सुटलेला दिसला तर शिक्षकांना सांगा. तो नैराश्याचा आजार असू शकतो, आणि त्यावर उपचार आहेत.