ऐकू येते, पण उमगत नाही

रत्नागिरी जिल्ह्यातील केळशीसारख्या समुद्रकाठच्या गावात आषाढसरी छपरावर कोसळू लागल्या, की वर्गात शिक्षकांचा आवाज बुडून जातो. इतर मुले तुटक शब्द जुळवून घेतात. अध्ययन अक्षमता असलेल्या काही मुलांना मात्र ते साधत नाही. त्यांचे कान निर्दोष असतात. परंतु कानांनी टिपलेल्या ध्वनींची मांडणी मेंदूत नीट होत नाही. श्रुतलेखनात ‘बाग’ व ‘भाग’, ‘गोडा’ व ‘घोडा’ यांतील भेद निसटतो. लांबलचक सूचनेचा उत्तरार्ध हरवतो. अशा मुलास ‘ढ’ वा ‘हट्टी’ ठरविणे हा अन्याय होय.

प्रथम श्रवणचाचणी करून मुलास बहिरेपणा नाही, याची खात्री करून घ्यावी. पुढील उपाय खर्चिक नाहीत. मुलास पुढच्या बाकावर बसवावे, त्याच्याकडे तोंड करून सावकाश बोलावे, एका वेळी एकच सूचना द्यावी, ती फळ्यावर लिहावी आणि त्याच्याकडून वदवून घ्यावी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचाही समावेश आहे. तेव्हा अशा मुलास समजून घेणे ही केवळ दया नव्हे. तो त्याचा हक्क आहे.