नोंदींची राखण: कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी एक वेगळी वाट

आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीच्या सर्व्हरमध्ये कुणीतरी शिरल्याचे १८ जानेवारी २०२२ रोजी उघडकीला आले. घुसखोरी नोव्हेंबर २०२१ मध्येच झाली होती. त्या सर्व्हरवर जगभरातल्या किमान ६० रेडक्रॉस आणि रेडक्रिसेंट संस्थांकडून आलेली ५ लाख १५ हजारांहून अधिक माणसांची माहिती होती. युद्धात किंवा स्थलांतरात घरच्यांपासून ताटातूट झालेले लोक, बेपत्ता झालेले, त्यांना शोधणारे नातेवाईक आणि तुरुंगातले कैदी यांची ती नावे होती. यातले कित्येक जण कुणाच्या तरी भीतीने पळालेले. त्यांचा ठावठिकाणा भलत्या हाती पडला, तर जिवावर बेतू शकत होते.

समितीला ती यंत्रणा बंद करावी लागली आणि मग कायद्याचे प्रश्न पुढे आले. कुणाला कळवायचे, कोणत्या शब्दांत कळवायचे, ज्याला फोन नाही त्याला कसे कळवायचे? समितीने फोन केले, पत्रे पाठवली, जाहीर निवेदने काढली. काही दुर्गम वस्त्यांवर तर माणसे पाठवून प्रत्यक्ष सांगावे लागले. हे सारे ठरवताना डेटा संरक्षणाचा कायदा जाणणारा माणूस जवळ असावा लागतो. आंतरराष्ट्रीय संघटनांमध्ये आता या कामासाठी स्वतंत्र कार्यालये किंवा अधिकारी असतात आणि अशा ठिकाणी कायद्याच्या विद्यार्थ्यांना इंटर्न म्हणून काम करण्याची संधी मिळते. ‘वकिली म्हणजे कोर्ट’ एवढेच गणित मांडणाऱ्या घरांमध्ये ही वाट अजून फारशी पोहोचलेली नाही. ती खरोखर चांगली आहे. मात्र तिचा खर्च आणि तिच्या अटी डोळसपणे समजून घ्यायला हव्यात.

कोणत्याच देशाचा कायदा नाही, तेव्हा

संयुक्त राष्ट्रांना १९४६ च्या करारानुसार विशेषाधिकार आणि संरक्षण आहे. त्यांची कागदपत्रे कुठेही असली तरी त्यांना हात लावता येत नाही. त्यामुळे एखाद्या देशाचा डेटा कायदा, अगदी २०१८ पासून लागू झालेला युरोपचा गाजलेला जीडीपीआरसुद्धा, या संघटनांवर सरसकट लादता येत नाही. मग निर्वासितांच्या बोटांचे ठसे घेणाऱ्या संघटनेला रोखणारे नियम कुठून येणार? ते तिने स्वतःच करायचे असतात. आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेने २०१० मध्ये या विषयावर आपली नियमपुस्तिका काढली. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाचे आणि रेडक्रॉस समितीचे नियम २०१५ मध्ये आले. २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सगळ्या संस्थांसाठी १० सामाईक तत्त्वे ठरली.

कायद्याच्या विद्यार्थ्याला एरवी तयार कायदा वाचायला मिळतो. इथे नियम घडताना दिसतात, ते रोजच्या कामाला लावायचे असतात आणि त्यांतल्या फटीही नजरेला पडतात.

संमतीचाच प्रश्न घ्या. म्यानमारमधून पळून आलेल्या रोहिंग्या निर्वासितांची नोंदणी बांगलादेशात उच्चायुक्तालयाने तिथल्या सरकारबरोबर केली. ही माहिती बांगलादेशाने म्यानमारला दिली आणि त्यासाठी निर्वासितांची जाणतेपणी घेतलेली संमती नव्हती, असा आक्षेप ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने जून २०२१ मध्ये घेतला. आठ लाखांहून अधिक नावांचा हा प्रश्न होता. उच्चायुक्तालयाने आक्षेप नाकारला. निर्वासितांना समजावून सांगून संमती घेतली होती, असे त्याचे म्हणणे होते. ज्याचे रेशन आणि ओळखपत्र त्याच नोंदणीवर अवलंबून आहे, तो माणूस ‘नको’ म्हणू शकेल का? म्हणूनच मदतकार्यातल्या डेटा संरक्षणात नुसत्या संमतीवर विसंबत नाहीत. जीव वाचवण्याची निकड किंवा संघटनेला सोपवलेले सार्वजनिक काम, असे दुसरे आधार शोधावे लागतात आणि ते लेखी मांडावे लागतात.

इंटर्नच्या टेबलावर काय येते?

बहुतेक काम वाचण्याचे आणि लिहिण्याचे असते. एखाद्या देशातले कार्यालय स्थानिक संस्थेला लाभार्थ्यांची यादी देणार असेल, तर त्या कराराचा मसुदा तपासायचा. रोख मदत मोबाइलवरून वाटायची असेल, तर बँकेला आणि फोन कंपनीला कोणती माहिती जाईल, त्यातून कोणाला काय धोका आहे, याचे मूल्यमापन लिहायला मदत करायची. क्लाउड कंपनीच्या करारातली कलमे वाचायची. ‘माझ्याबद्दल तुमच्याकडे काय नोंद आहे?’ असे विचारणाऱ्या अर्जांची उत्तरे तयार करायची. प्रत्यक्ष जागेवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी सोप्या भाषेत प्रशिक्षणाच्या टिपा लिहायच्या.

फ्रान्समधल्या लिआँ शहरात मुख्यालय असलेल्या इंटरपोल या देशोदेशींच्या पोलिसांच्या संघटनेत या विषयाला आणखी वेगळी धार आहे. आपल्याला शोधण्याची नोटीस चुकीने किंवा राजकीय हेतूने निघाली, असे ज्याला वाटते, तो इंटरपोलच्या नोंदी तपासणाऱ्या स्वतंत्र आयोगाकडे दाद मागू शकतो. राजकीय, लष्करी, धार्मिक किंवा वांशिक स्वरूपाच्या बाबींत पडायला संघटनेची घटनाच मनाई करते. नोंद ठेवायची की पुसायची, या निर्णयावर एखाद्याचे स्वातंत्र्य अवलंबून असते.

पात्रता आणि पैसा

संयुक्त राष्ट्र सचिवालयाच्या इंटर्नशिपसाठी विद्यार्थी पदवीच्या शेवटच्या वर्षात किंवा पदव्युत्तर शिक्षण घेत असावा लागतो. नाहीतर पदवी मिळाल्यापासून वर्षाच्या आत इंटर्नशिप सुरू करावी लागते. म्हणजे बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमात पहिल्या-दुसऱ्या वर्षीच अर्जाची घाई करण्यात अर्थ नाही. इंटर्नशिप साधारण दोन ते सहा महिन्यांची असते.

पालकांनी सर्वांत आधी पाहायची गोष्ट पैशाची. सचिवालय इंटर्नला विद्यावेतन देत नाही. प्रवास, व्हिसा, विमा, राहणे, जेवण हा सगळा भार विद्यार्थ्यावर पडतो आणि जिनिव्हा जगातल्या महागड्या शहरांपैकी एक आहे. २०१५ मध्ये न्यूझीलंडचा एक २२ वर्षांचा इंटर्न जिनिव्हात तंबूत राहत असल्याची बातमी जगभर झाली आणि बिनपगारी इंटर्नशिपवर मोठी चर्चा झडली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि जागतिक अन्न कार्यक्रम यांसारख्या काही संस्था विद्यावेतन देतात. ते किती आणि कोणत्या कार्यालयात, हे जाहिरातीतच नीट वाचावे. घर किंवा दागिने गहाण ठेवून बिनपगारी इंटर्नशिपला मुलांना पाठवू नये. काही संस्था घरून ऑनलाइन काम करण्याची मुभा देतात, त्या संधी आधी शोधाव्यात.

दुसरी गोष्ट नोकरीची. इंटर्नशिप संपली की त्याच संघटनेत नोकरी मिळेल, असे आश्वासन कोणीही देत नाही. त्यात २०२५ मध्ये अमेरिकेने मदतनिधी आखडता घेतल्यावर निर्वासित उच्चायुक्तालय, स्थलांतर संघटना आणि अन्न कार्यक्रम यांनी हजारो पदे कमी केली. पण इथे कमावलेले कौशल्य देशात वाया जात नाही. भारताचा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मोठ्या चुकीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. बँका, रुग्णालये, विमा कंपन्या आणि पुण्या-मुंबईतल्या आयटी कंपन्यांना हा कायदा समजणारी माणसे लागणार आहेत.

तयारी घरापासून

या विषयाच्या भारतीय पायाशी महाराष्ट्राचे जवळचे नाते आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवणारा पुट्टस्वामी निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. त्यात धनंजय चंद्रचूड आणि नागपूरचे शरद बोबडे यांची निकालपत्रे आहेत. डेटा कायद्याचा पहिला मसुदा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष न्या. बी. एन. श्रीकृष्ण मुंबई उच्च न्यायालयातून पुढे आलेले. हा निकाल आणि श्रीकृष्ण समितीचा २०१८ चा अहवाल मुळातून वाचणे, ही पहिली पायरी. रेडक्रॉसचे मानवतावादी कार्यातल्या डेटा संरक्षणावरचे हस्तपुस्तक इंटरनेटवर मोफत आहे, ही दुसरी.

तिसरी पायरी लिहिण्याची. सोसायटीच्या फाटकावर नोंद घेणारे अ‍ॅप किंवा मुलांच्या शाळेचे अ‍ॅप घ्यावे, त्याचे गोपनीयता धोरण भारतीय कायद्याच्या कलमांवर तपासावे आणि दोन पानांचे टिपण तयार करावे. असे टिपण अर्जासोबत लेखनाचा नमुना म्हणून वापरता येते. दिल्लीतली इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन किंवा बंगळुरूची सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी अशा संस्थांमध्ये काम करून पाहिले, तर विषय मानवतो की नाही हेही कळते. इंग्रजीखेरीज फ्रेंच ही सचिवालयाची कामकाजाची भाषा आहे. आलियाँस फ्राँसेजचे वर्ग पुण्यात आणि मुंबईत चालतात. परदेशात पदव्युत्तर शिक्षणाचा बेत असेल, तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसाठी अर्ज करता येतो. तिथे शिकत असताना इंटर्नशिप जोडून घेणे खर्चाच्या दृष्टीने सोपे जाते.

आणि एक सावधगिरी. संयुक्त राष्ट्रे भरतीच्या कोणत्याही टप्प्यावर पैसे घेत नाहीत. अर्जाचे शुल्क, मुलाखतीचे शुल्क, ‘जागा पक्की’ करण्याची रक्कम किंवा बँक खात्याचा तपशील कोणी मागितला, तर तो फसवणुकीचा प्रकार समजावा. अर्ज संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करावा आणि मुलाने पासपोर्टची प्रत कुणालाही पाठवण्याआधी ती कुणाला, कशासाठी हवी आहे, हे लेखी विचारावे.