तुझा कच्चा आवाज मला पाठवत जा

अगं, दोन्ही क्लिप ऐकल्या. फॅमिली ग्रुपवर टाकलीस तीही, आणि रात्री उशिरा मला एकटीला पाठवलीस तीही. ग्रुपवर टाळ्या, फुलं, नमस्कार यांचा पाऊस पडला, आणि तरी तू मला विचारतेस, "ताई, खरं सांग, मी बेसूर आहे का?" खरं सांगते. थोडी आहेस. पण तुला वाटतं तिथे नाहीस. आणि रागावणार नसशील तर आणखी एक सांगते: सूर दुरुस्त करणाऱ्या ॲपमधून काढलेली ग्रुपवरची ती गुळगुळीत क्लिप मला जास्त बेसूर वाटली.

कशी ते बघ. तुझा अभंग यमनातला. दुसऱ्या ओळीत वर चढताना तुझा तीव्र मध्यम जरा खाली राहतो. जरा म्हणजे बराच, पण ऐकणाऱ्याला कळतं की पोरीला तीव्र मध्यमावर जायचंय, जरा हात पुरत नाहीये. ॲपला ते कळत नाही. ते फक्त मोजतं, की हा आवाज कुठल्या स्वराच्या जास्त जवळ आहे. तुझा सूर अर्ध्याहून जास्त घसरला, तर ते शेजारचा शुद्ध मध्यम धरतं आणि तुला चकाचक त्यावर नेऊन बसवतं. तुझी चूक आधी कच्ची होती, ॲपने ती पक्की केली. ग्रुपवर कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण शुद्ध मध्यम स्वतः काही बेसूर नसतो. फक्त त्या जागी तो नको असतो. सेटिंगमध्ये जाऊन नेमके यमनाचेच स्वर निवडले तर हे टळतं, पण किती जणी ते करतात?

म्हणजे या यंत्राची गंमत अशी, की जो जवळजवळ सुरात आहे त्यालाच ते उत्तम मदत करतं. बँकेसारखं आहे ते, ज्याला गरज नाही त्याला कर्ज पटकन देतं. मोठमोठे गायक स्टुडिओत ते वापरतात, आणि आपल्याला कळतही नाही, कारण त्यांना दुरुस्ती केसभरच लागते. कच्च्या गळ्याला ती हातभर लागते, आणि तिथेच आवाज रोबोसारखा व्हायला लागतो.

हे सॉफ्टवेअर आलं १९९७ साली. ऑटो-ट्यून. ते करणारा अँडी हिल्डेब्रँड हा पूर्वी तेल कंपन्यांसाठी काम करायचा. जमिनीत ध्वनिलहरी सोडायच्या, त्या परत आल्या की गणित मांडून खाली तेल कुठे असेल ते शोधायचं. एकदा जेवायला बसलेले असताना कुणाच्या तरी बायकोने थट्टेत म्हटलं, मला सुरात गायला लावणारी एखादी पेटी बनवा की. याने ते मनावर घेतलं आणि तेच गणित आवाजाला लावलं. पुढच्याच वर्षी शेर या गायिकेचं 'बिलीव्ह' आलं. त्यात दुरुस्तीला लागणारा वेळ मुद्दाम शून्यावर आणून ठेवला होता, म्हणून आवाज एका स्वरावरून दुसऱ्यावर पायऱ्यांवरून उड्या मारल्यासारखा जातो. तिथे ती कला होती, मला आवडतंही ते गाणं. पण तुझ्या अभंगात षड्जावरून गंधारावर जी मींड आहे, तिच्या ॲपने पायऱ्या केल्या, ते काही कुणी मुद्दाम केलं नव्हतं.

गंधाराचंही सांगून टाकते, मग तांत्रिक बोलणं बंद. एका सप्तकाचे बाराशे बारीक भाग कल्पून घे. पाश्चात्त्य पियानोचा आणि आपल्या पेटीचाही शुद्ध गंधार चारशेवर असतो. तानपुरा नीट जुळला की त्याच्या खर्जाच्या तारेतून जो गंधार आपोआप ऐकू येतो, तो तीनशे शहाऐंशीच्या आसपास. चौदा भागांचा फरक. सवयीच्या कानाला तो कळतो. फोनवरची फुकट ॲपं सहसा पियानोच्या हिशेबाने चालतात. म्हणजे एखाद्या दिवशी तुझा गंधार तानपुऱ्यात अगदी विरघळला, तरी ॲप त्याला चूक समजून वर उचलणार. दरबारीचा तो झुलणारा कोमल गंधार तर त्याच्या तावडीत देऊच नये.

आता तू म्हणशील, ताई जुन्या वळणाची. नाही गं. यंत्रावर राग धरणारे आपल्याकडे नेहमी होते. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत उठली नाही. तक्रार हीच, की पेटीला मींड येत नाही, तिचे सूर आपले नाहीत, गायकाचा कान बिघडतो. तक्रारीत तथ्य होतं. पण घरोघरी पेटी राहिलीच, भजनी मंडळं चाललीच, आणि पेटीवर शिकलेल्या पोरीही सुरात गायल्या. मग मी ॲपला शत्रू कशाला म्हणू? पुण्याच्या आजीला वाढदिवसाला गाणं पाठवायचंय, मागे पंखा घरघरतोय, घसा बसलाय, कर खुशाल दुरुस्त. तिथे तुझी परीक्षा नाही, आजीचा आनंद आहे. रोजच्या रियाजात मात्र ते नको, कारण दुरुस्ती फाइलमध्ये होते आणि गळ्याला त्याची खबरच लागत नाही. उलट दुरुस्त झालेलं पुन्हा पुन्हा ऐकून तुला वाटायला लागतं की आपण तसंच गातो. मग झाशीला गणपतीत माईकसमोर उभी राहिलीस की जो आवाज बाहेर येईल, त्याने तू स्वतःच दचकशील.

तुझा कान खराब आहे ही भीती आधी काढून टाक. ज्यांना खरोखर सुरांतला फरक कळत नाही अशी माणसं फार थोडी. २००७ साली फोर्ड्रेशर आणि ब्राऊन या दोन संशोधकांनी बेसूर गाणाऱ्यांना तपासलं, तर बहुतेकांचे कान ठीक निघाले. ऐकू नीट येत होतं, गळ्याला ते उतरवता येत नव्हतं. म्हणजे वाट कानापासून गळ्यापर्यंतची, आणि ती चालून चालूनच रुळते. गाणं सोडलं की ती बुजतेही. अमेरिकेत शाळेतली मुलं आणि कॉलेजातले विद्यार्थी यांची तुलना केली, तर सहावीपर्यंत मुलं सुधारत जातात आणि गाणं सुटलेले कॉलेजवाले परत बालवाडीच्या पातळीवर आलेले दिसले. तुझंही तेच झालंय. आठवीपर्यंत बरी गायचीस, मग बोर्ड, मग बाबांची झाशीकडच्या समथरला बदली. आणि तुझा कान चांगला नसता तर रात्री अकराला मला ती दुसरी क्लिप पाठवलीच नसतीस.

आता तुझ्या कच्च्या क्लिपमध्ये मला काय ऐकू आलं ते. पहिली गोष्ट, पट्टी. तू यूट्यूबवरचा ट्रॅक लावून गातेस, तो मूळ गायिकेच्या पट्टीतला. तुझा आवाज मुळात भरदार, खालचा. वरचा षड्ज आला की तू मान वर करतेस, हनुवटी ताणतेस, आणि सूर पोचत नाही. ते बेसूर गाणं नाही, ते दुसरीची साडी नेसून चालताना पाय अडकणं आहे. तुला काळी तीन बरी पडेल, फार तर पांढरी पाच. ट्रॅक खाली उतरवणारी ॲपं आहेत, ते तंत्रज्ञान मात्र आनंदाने वापर. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी मुलींचं अर्धं दुखणं पट्टी बदलल्यावरच गेलं आहे. आई-वडील आधी 'आवाजच नाही हिला' म्हणत आलेले असतात.

दुसरी गोष्ट, ओळीच्या शेवटी तुझा सूर उतरतो. सुरुवातीला नाही, मधेही नाही, शेवटच्या दोन मात्रांत. तो कान नव्हे, श्वास संपतोय. ओळ एका दमात म्हणायचीच असा काही नियम नाही. कुमार गंधर्वांना क्षयाने गाठलं, एक फुप्फुस निकामी झालं. १९४८ मध्ये ते देवासला आले, काही वर्षं गाणं बंदच होतं, आणि १९५३ मध्ये परत मैफिलीत बसले ते छोट्या छोट्या स्वरवाक्यांनी. श्वास कमी होता, त्याचीच त्यांनी शैली केली. ते थोरच होते, त्यांच्याशी आपली तुलना नाही, पण ओळ कुठे तोडायची हे गायकाने ठरवायचं असतं एवढं तरी त्यांच्याकडून घ्यावं. 'विठ्ठल' म्हणून श्वास घे, मग पुढचं म्हण. शब्दाच्या पोटात मात्र श्वास घेऊ नकोस, तेवढं जप.

समथरला गुरू नाही, हे तुझं रडगाणं मला पाठ आहे. मोठ या गावच्या स्टेशनला जाऊन झाशीची गाडी धरायची, एका तासाच्या शिकवणीसाठी सगळा दिवस घालवायचा, हे रोज कुणाला जमणार? मान्य. म्हणून सकाळची पंधरा मिनिटं सांगते, त्यात गुरू लागत नाही. फोनवर तानपुरा लाव, तुझ्या पट्टीत. इयरफोन नको, आणि लावायचाच तर एका कानात. दोन्ही कान बंद झाले की स्वतःचा आवाज डोक्याच्या आतूनच ऐकू येतो आणि सूर सरकतो. खालून, हळूच, 'म्' करत षड्जाकडे ये. तू जवळ आलीस की तानपुरा आणि तुझा आवाज मिळून थरथरल्यासारखं ऐकू येईल. आणखी जवळ गेलीस की ती थरथर मंदावते आणि एका क्षणी थांबते. तिथे थांब. तोच षड्ज. कुणी सांगावं लागत नाही, छातीत कळतं. मग आकारात तो धर आणि तानपुरा बंद कर. गात राहा. मनात दहा मोज, तानपुरा पुन्हा सुरू कर. तू कुठे आहेस? पहिल्या आठवड्यात खाली गेलेली असशील, बहुतेक सगळे जातात. मला या एका कसरतीइतकं प्रामाणिक दुसरं काही माहीत नाही. ती नीट व्हायला लागली की तसाच पंचम, मग गंधार. पलटे नंतर. आणि मंद्रातला खर्ज रोज थोडा, उठल्या उठल्या नाही, पाणी पिऊन, घसा उघडल्यावर.

आलेख दाखवणारं एखादं ट्यूनर ॲप हवंच असेल तर आठवड्यातून एकदा बघ, आरशात बघावं तितकंच. रेषा खाली गेलेली दिसली की कुठे गेली ते लक्षात ठेव आणि फोन पालथा घाल. रेषेकडे बघत गाणारी मुलगी ऐकायचं विसरते, हे मी फार पाहिलंय.

आणि शेजारच्या काकी लग्नात गारी आणि बन्ने म्हणायला बोलावतात, तिथे 'आम्हाला येत नाही' म्हणून कोपऱ्यात बसू नकोस. तुझी बुंदेली आता माझ्यापेक्षा बरी आहे. एक बाई उचलते, बाकीच्या तिचा सूर धरतात, ढोलक चालू असतो, कुणी पट्टी विचारत नाही. पेटीचा सूर पकडण्यापेक्षा माणसाचा सूर पकडणं कच्च्या गळ्याला सोपं जातं, आणि तिथे वीस गळे तुला सांभाळून घ्यायला असतात. समथरच्या किल्ल्याच्या सावलीत राहून एवढं फुकट मिळतंय ते घे. ग्वाल्हेरच्या गायकीसाठी इचलकरंजीकर बुवा दक्षिणेतून इथवर आले, भीमसेनजी अकराव्या वर्षी घरातून पळून गुरू शोधत ग्वाल्हेरपर्यंत पोचले. आपण त्याच रस्त्यावर राहून नेटवर्क नाही म्हणून कुरकुरतो. असो, हे टोमणे तुझ्या आईने मारायचे.

आता गणपतीचं. झाशीच्या महाराष्ट्र गणेश मंदिरात, जिथे राणीचं लग्न लागलं तिथे, तू पहिल्यांदाच सगळ्यांसमोर गाणार. अभंग तोच ठेव, पट्टी काळी तीन. पेटीवाल्या काकांना आदल्या दिवशीच सांग. ते सवयीने काळी चार धरतील आणि म्हणतील, "बेटा, एवढ्याने काय होतंय." होतं. हसून परत सांग. ऐकलं नाही तर माझं नाव सांग, मी त्यांना ओळखते. दुसऱ्या ओळीचा तीव्र मध्यम अजून डळमळला, तर त्या दिवशी ती जागा सरळ पंचमावरून घे. गाणं बिघडणार नाही, आणि दिवाळीपर्यंत मध्यम येईल. दर रविवारी एक क्लिप मला पाठव, एकच, दुरुस्त न केलेली. आणि चुलीवर दूध ठेवून रेकॉर्ड करू नकोस, गेल्या खेपेला अर्ध्या अभंगात काकू ओरडल्या ते सगळं ऐकू आलं.