म्हशीचा पान्हा व खुणेची वेळ

रेडकूं दगावलें कीं एलिचपुरी म्हैस पान्हा चोरते, आणि धनी सुईच्या शोधास लागतो. आमचें म्हणणें असें कीं, खुणेच्या संवयीनें तिला पान्हा आणतां येतो. मात्र त्या खुणेची वेळ साधली पाहिजे.

अमेरिकेंत १९९४ सालीं प्रसिद्ध झालेले लावा पक्ष्यांवरील प्रयोग येथें उपयोगी पडतात. खुणेनंतर मिनिटभरांत मादी सोडली जाई, तेव्हां नर खुणेपाशींच जाई. तीच वीस मिनिटांनीं सोडली, तर तो नुसत्या येरझारा घाली. म्हणजे खूण तीच, परंतु अंतर वाढलें कीं जनावराची वागणूकच पालटते.

गोठ्यांतही तसेंच समजावें. चरवीचा आवाज, सरकीची ढेप, कास धुणें हीं सर्व धारेच्या लगत यावींत. फार आधीं चरवी वाजली, तर म्हैस हंबरेल, दाव्यास हिसके देईल. पान्हा सोडणार नाहीं. पान्हा आणणारें द्रव्य रक्तांत थोडींच मिनिटें टिकतें. गायीहून म्हशीस पान्ह्यास वेळ अधिक लागतो, म्हणून घाई नको. पण ढेप घालून चावडीवर गप्पांस जाणें (हें आपल्याकडे फार!) त्याहून वाईट. मारझोडीनें तर उतरूं लागलेला पान्हाही अडतो. ढेप संपल्यावर धारेस बसणाऱ्याची चरवी म्हशीस ढेपेचीच खूण वाटते, धारेची नव्हे.