सुट्टीवरून परत आल्यावरचा पहिला आठवडा : शारजातला माझा हिशोब

सुट्टीनंतर धंदा पुन्हा सुरू करण्याबद्दलच्या व्हिडिओत मी शारजाचं उदाहरण घाईघाईत सांगून पुढे गेले. इथे ते आकड्यांसकट लिहिते. नुकसान माझंच झालं होतं, त्यामुळे हिशोब पक्का लक्षात आहे.

मी शारजाच्या एका भारतीय शाळेत गणित शिकवायचे. तिथल्या भारतीय शाळांची मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये असते. म्हणजे सांगलीत धो धो पाऊस, आणि आम्ही घरी. ऑगस्टच्या शेवटी शाळा उघडते, तेव्हा गणपती दारात आलेले असतात. घरात मखराची तयारी चाललीय आणि आपण बॅगेत मेतकूट, कुरडया, गोडा मसाला कोंबतोय. तो दिवस मला एकदाही सोपा गेला नाही.

शाळेबरोबर मी घरी शिकवणीही घ्यायचे. तिकडे परवान्याशिवाय शिकवणी घेतली तर दंड होतो. डिसेंबर २०२३ मध्ये यूएई सरकारने खासगी शिकवणीसाठी वेगळा परवाना सुरू केला : फी नाही, मुदत दोन वर्षं. शाळेतले शिक्षकही अर्ज करू शकतात. मी तो काढला आणि दुसऱ्या शाळांमधली दहावीची ९ मुलं घेतली. शारजात २०२२ पासून शुक्रवार, शनिवार, रविवार अशी तीन दिवस सुट्टी असते, त्यामुळे वेळ मिळायचा. महिना ३५० दिरहम प्रत्येकी, म्हणजे ३,१५०. छोटासा का होईना, धंदाच की!

जूनच्या शेवटी पालक विचारायला लागले, "मॅडम, क्लास परत कधी?" मी म्हणाले, "आल्यावर मेसेज करते."

हे तीन शब्द मला महागात पडले.

शनिवारी रात्री परतलो, सोमवारी शाळा. सहा आठवडे बंद असलेल्या घराला कोंदट वास, फ्रिज रिकामा. घड्याळ दीड तास मागे, पण डोकं अजून सांगलीतच. पहाटे पाचचा गजर, शाळेची बस, नवं वेळापत्रक, रोज मीटिंगा. संध्याकाळी आईचा फोन आला की घसा दाटून यायचा. अशा आठवड्यात कोण पालकांना मेसेज करतंय! केला तो पुढच्या शुक्रवारी. तोवर चार मुलं दुसरीकडे गेली होती. सप्टेंबरमध्ये सहामाही परीक्षा, पालक किती दिवस थांबणार? एक आई म्हणाल्या, "मॅडम, तुमचं काही कळलंच नाही हो." त्यांचं काहीच चुकलं नव्हतं.

आता पैशाचं बघा. दोन महिने शिकवणी बंद, म्हणजे ६,३०० दिरहम आलेच नाहीत. त्यात सगळे शिक्षक एकाच वेळी परततात, त्यामुळे तिकिटं चढलेली. तिकडे बरेच घरमालक वर्षाच्या भाड्याचे पुढच्या तारखांचे चेक आधीच घेऊन ठेवतात. माझा ८,००० चा एक चेक ५ सप्टेंबरला वटायचा होता, आणि खात्यात होते ६,४००. पगार हातात यायला अजून वेळ. शेवटी शेजारच्या मल्याळी चेचींकडून २,००० उसने घेतले. त्यांनी काही विचारलं नाही, पण मला दोन रात्री झोप नव्हती.

पुढच्या वर्षी सगळी कामं जूनमध्येच उरकली. मार्च ते जून दर महिन्याला २,००० बाजूला, चेकचा प्रश्न मिटला. परतीचं तिकीट तीन दिवस अलीकडचं काढलं. पहिल्या तासाचा पेपर झेरॉक्स करून कपाटात ठेवला, कारण त्या आठवड्यात नवीन काही सुचत नाही. आणि मुख्य म्हणजे पालकांना लेखी तारीख दिली : शाळा उघडल्यावरचा पहिला शुक्रवार, सकाळी दहा. जागा धरून ठेवायला सप्टेंबरची अर्धी फी, १७५ दिरहम, आधीच मागितली. मागताना जीभ जड झाली, खोटं कशाला बोलू! नऊपैकी दोघांनी नाही म्हटलं. पण ते मला जूनमध्ये कळलं, सप्टेंबरमध्ये नाही. एका जागी लगेच दुसरी मुलगी घेतली. त्या शुक्रवारी आठ मुलं हजर होती. घराची आठवण तितकीच येत होती, पण दहा वाजता बेल वाजली आणि मी शिकवायला बसले.

तुमची शिलाई असेल, पार्लर असेल, डब्यांचं काम असेल, तर मे महिन्यात गावाला जाताना किंवा दिवाळीला हाच प्रश्न येणार. "आल्यावर सांगते" म्हणू नका, तारीख द्या. आणि ती पाळता येईल अशीच द्या. प्रवासाच्या दुसऱ्या दिवसाची देऊ नका, अंग आंबलेलं असतं.

आजचा गृहपाठ : वहीत तीन आकडे लिहा. तुम्ही दोन आठवडे नसाल तर किती येणं थांबेल, त्याच काळात कुठली देणी येतात, आणि आत्ता हातात किती आहेत. पुढच्या व्हिडिओत आगाऊ पैसे कसे मागायचे, ते मेसेज लिहून दाखवणार आहे, वही घेऊनच बसा.