कागदी मारिओ आणि वजाबाकीचा पाठ

जपानमधील निन्टेन्डो कंपनीने १९८५ साली ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा व्हिडिओ खेळ प्रसिद्ध केला. त्यातील मिशाळ मारिओ धावतो, उड्या मारतो. यश मुख्यतः हाताच्या चपळाईवर अवलंबून असते. याच मालिकेतून पुढे निराळ्या प्रकृतीचा ‘पेपर मारिओ’ निघाला. इंटेलिजंट सिस्टिम्स या संस्थेने रचलेला हा खेळ २००० साली जपानात प्रसिद्ध झाला. यातील पात्रे कागदी चित्रांसारखी सपाट असून कथा प्रकरणाप्रकरणांनी उलगडते. खेळणारा मारिओची भूमिका घेऊन दुष्ट बाउझरने कोंडलेल्या सात तारकात्म्यांची सुटका करतो. लढत आळीपाळीने चालते. त्यामुळे विचारास अवसर मिळतो.

शिक्षकाच्या दृष्टीने या खेळाचा विशेष म्हणजे त्यातील लहान संख्या. प्रारंभी मारिओचे प्राणांक केवळ १० असतात. गूंबा या शत्रूचे २, तर कूपा या कासवाचे ४ असून त्याच्या कवचाचे बळ १ असते. आघातातून कवचाचे बळ वजा करावयाचे. उरेल तेवढी हानी. कासवाच्या अंगावर उडी मारली की ते उताणे पडते व कवच निरुपयोगी ठरते. गूंबारिओ हा सोबती शत्रूचे बळ आधी सांगतो. १०० तारांक जमले की प्राणांक ५, पुष्पांक ५ किंवा बिल्ल्यांचे अंक ३ यांपैकी एकाचीच वाढ निवडावी लागते. निवड करताना मूल कारणे शोधू लागते.

वर्गातील पाठ : यंत्राची आवश्यकता नाही. चार चिंचोके कासवाचे प्राणांक म्हणून मांडावेत. हातोड्याचा आघात २ मानावा. उडीने हानी होत नाही, परंतु कासव उताणे होते व तसेच राहते, असा वर्गापुरता नियम करावा. मग विचारावे : नुसत्या हातोड्याने किती खेळ्या लागतील? आधी उडी मारली तर किती?

पहिल्या रीतीत २ वजा १ म्हणजे दर वेळी १, खेळ्या ४. दुसऱ्या रीतीत उडीची १ व हातोड्याच्या २, मिळून ३. वाया गेलेली वाटणारी खेळीच लाभाची ठरते.

उत्तर चुकल्यास मुलास खाली बसवू नये. चिंचोके पुन्हा मांडून त्यालाच दुसरी खेळी द्यावी. वजाबाकीला भिणारे मूल चिंचोके उचलताना स्वतःची चूक स्वतः पाहते, आणि उत्तराची भीती तेथेच ओसरू लागते.

सरावासाठी : कवचाचे बळ २ असते, तर नुसता हातोडा चालला असता काय? कारण सांगा.